खलाशाने ‘नाही’ म्हणायचे ते कधी?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

तांबडा समुद्र, काळा समुद्र किंवा होर्मुझची सामुद्रधुनी, कुठेही व्यापारी जहाजावर हल्ला झाला की बातमीचा साचा ठरलेला असतो. जहाजाचे नाव, आत माल काय होता, तेलाचा भाव किती चढला आणि शेवटच्या ओळीत ‘सर्व खलाशी सुखरूप’, किंवा सुखरूप नाहीत. वाचणाऱ्याला वाटते, खलाशाचे युद्ध म्हणजे ती दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांच्या आधी आणि नंतर जे चालते ते छापून येत नाही म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे, पण घरच्यांकडून हमखास येणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर चार ओळींत बसत नाही. तो प्रश्न असा : ‘धोका माहीत होता, तर तो जायला ‘नाही’ का म्हणाला नाही?’

नाही म्हणण्याचा हक्क त्याला आहे. ‘मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६’ या आंतरराष्ट्रीय करारातली मार्गदर्शक तरतूद सांगते की जहाज युद्धक्षेत्राकडे निघाले असेल आणि खलाशाची तिथे जायला संमती नसेल, तर त्याला मालकाच्या खर्चाने घरी पाठवावे. मेख पुढच्या अर्ध्या वाक्यात आहे. युद्धक्षेत्र कोणते, हे जहाजाच्या झेंड्याच्या देशाचा कायदा किंवा खलाशाचा नोकरीचा करार ठरवतो. करारात त्याबद्दल अक्षर नसेल आणि ज्या देशाचा झेंडा जहाजावर आहे तिथला कायदाही गप्प असेल, तर हक्क असूनही तो दाखवायला जागा उरत नाही.

जहाजमालकांच्या आणि खलाशी संघटनांच्या प्रतिनिधींचे एक संयुक्त मंडळ आहे, ‘इंटरनॅशनल बार्गेनिंग फोरम’, बोलण्यात आयबीएफ. हे मंडळ युद्धसदृश क्षेत्रांची यादी ठरवते. यादीतल्या क्षेत्रात जाणाऱ्याला तिथल्या दिवसांसाठी मूळ वेतनाइतका भत्ता मिळतो, मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास भरपाई दुप्पट होते आणि जायला नकार दिल्यास कंपनीच्या खर्चाने घरवापसी व वर दोन महिन्यांचे मूळ वेतन मिळते. हे सारे फक्त आयबीएफ करार लागू असलेल्या जहाजांवर. बाकीच्या जहाजांवर मालक देईल ते.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. लंडनच्या विमा बाजारातली ‘जॉइंट वॉर कमिटी’ धोक्याच्या क्षेत्रांची आपली वेगळी यादी काढते. ती विम्याचा जादा हप्ता ठरवण्यासाठी असते, आणि बातम्यांत बहुतेकदा तिचाच उल्लेख येतो. त्या यादीत समुद्राचे नाव आले म्हणजे खलाशाला भत्ता किंवा नकाराचा हक्क आपोआप मिळाला असे होत नाही. दोन्ही याद्यांच्या सीमासुद्धा जुळतातच असे नाही. ‘पेपरात युद्धक्षेत्र म्हटलंय’ हे सांगून कॅप्टनकडून काही मिळत नाही. करारातले कलम दाखवावे लागते.

भत्त्याचा आकडाही एकदा मांडून पाहू, कारण ‘दुप्पट पगार मिळतो म्हणून जातात’ हे वाक्य फार ऐकू येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ठरवलेले एबी, म्हणजे अनुभवी डेक खलाशी, याचे किमान मूळ वेतन जानेवारी २०२६ पासून महिना ६९० डॉलर आहे. दिवसाला २३ डॉलर. भत्ता मूळ वेतनावर मिळतो, ओव्हरटाइम आणि रजेचा पगार धरून हातात पडणाऱ्या एकूण रकमेवर नाही. दोन-तीन दिवसांत क्षेत्र ओलांडले तरी किमान पाच दिवसांचा भत्ता द्यायचा, असा नियम तांबड्या समुद्रासाठी झाला. म्हणजे या किमान वेतनावर ११५ डॉलर. एवढ्यासाठी कोणी हौसेने क्षेपणास्त्राखाली जात नाही. जातात ते दुसऱ्याच कारणाने : नाही म्हणण्याची वेळ टळून गेलेली असते.

ती वेळ टळते कशी, ते पाहा. खलाशी जहाजावर चढतो तेव्हा पुढच्या सहा-नऊ महिन्यांत जहाज कुठे कुठे जाईल हे बहुधा कंपनीलाही माहीत नसते. जहाज भाड्याने घेणारा मधेच हुकूम बदलतो. समुद्रात असताना संदेश येतो की पुढचे बंदर अमुक. आता नकार द्यायचा तर वाटेत उतरायला बंदर हवे, त्या देशाचा व्हिसा हवा, विमान हवे आणि जागेवर बदली माणूस हवा. प्रत्येक जहाजाला ‘सेफ मॅनिंग’चे प्रमाणपत्र असते. त्यात लिहिलेल्या संख्येपेक्षा एक माणूस कमी पडला तर जहाजाला कायद्याने निघता येत नाही. म्हणजे रिलीव्हर, तो बदली माणूस, आल्याशिवाय कॅप्टन सोडू शकत नाही आणि धोक्याच्या बंदरात यायला रिलीव्हर तयार होत नाही. म्हणून नकार द्यायचा तो क्षेत्राच्या तोंडाशी पोचल्यावर नाही, तर त्याआधीच्या शेवटच्या सोयीच्या बंदरापूर्वी, लेखी, तारीख घालून, कॅप्टनच्या सहीची पोच घेऊन. तोंडी नकाराची लॉगबुकात नोंद झाली नाही तर तो दिलाच नव्हता असे नंतर ठरते.

आणि बऱ्याच जहाजांवर संमती घेतात ती कशी? मेसमध्ये सगळ्यांना बोलावतात आणि एकच कागद फिरतो. वरती अधिकाऱ्यांच्या सह्या आधीच झालेल्या असतात, खाली नावांपुढे ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन रकाने. पहिल्या करारावर आलेल्या ओएसच्या, म्हणजे सर्वांत खालच्या डेक खलाशाच्या, हातात तो कागद येईपर्यंत ‘हो’च्या रकान्यात पंधरा सह्या असतात, आणि पुढच्या करारासाठी त्याचे नाव पाठवायचे की नाही हे ठरवणारा समोरच बसलेला असतो. याला संमती म्हणायचे तर म्हणा. प्रत्येकाला वेगवेगळे केबिनमध्ये बोलावून, बंद पाकिटात कागद घेतला तर उत्तरे बदलतात. त्याला खर्च शून्य आहे. काही कॅप्टन तसे करतात, आणि ते क्रूच्या चांगलेच लक्षात राहतात.

क्षेत्रात शिरण्याआधीचे आठवडाभर जहाजावर काय चालते? मुख्यतः झोपमोड. सामान्य मालवाहू जहाजावर २० ते २२ माणसे असतात. डेकवर बोसन (डेक खलाशांचा मुकादम), तीन एबी, दोन ओएस धरू : सहा जण. नियमाने २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यायची. ती फार तर दोन तुकड्यांत, त्यातला एक तुकडा सलग ६ तासांचा, आणि आठवड्याला एकूण ७७ तास. म्हणजे दिवसाला एका माणसाकडून जास्तीत जास्त १४ तास काम, सहा जणांचे मिळून ८४. धोक्याच्या पाण्यात सुकाणूवर चोवीस तास माणूस लागतो : २४ तास गेले. ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीच्या, दोन्ही बाजूंना एकेक जादा टेहळ्या : आणखी ४८ तास गेले. उरले १२. त्यात आगीचे होज पसरून तयार ठेवणे, दारे-खिडक्या बंद करणे, डेकवरची फेरी, सराव आणि रोजचे काम. हिशेब बसत नाही. तो बसवतात कागदावर. विश्रांतीच्या तक्त्यात ‘झोप’ लिहायची आणि प्रत्यक्षात माणूस दुर्बीण धरून उभा. इंजिनरूमचीही तीच गत. एरवी रात्री माणसाविना, अलार्मवर चालणारी इंजिनरूम इथे माणसे ठेवून चालवावी लागते.

तात्काळ धोका असेल तर कॅप्टन विश्रांतीचे वेळापत्रक मोडू शकतो, तसा अधिकार कायद्यातच आहे. पण नंतर भरपाईची विश्रांती द्यायची असते, आणि क्षेत्र ओलांडून जहाज बाहेर पडले की दोन दिवसांत बंदर येते, माल उतरवायचा असतो. ती विश्रांती मिळतच नाही. थकलेला टेहळ्या लाटांतली छोटी बोट उशिरा पाहतो, हे कोणत्याही शस्त्राइतकेच धोक्याचे आहे.

आता हल्ल्याच्या वेळेचे. इथे गेल्या काही वर्षांत एक गोष्ट उलटीपालटी झाली आहे आणि जुन्या खलाशांनाही ती पटकन पचत नाही. सोमाली चाच्यांच्या काळात सगळ्यांना शिकवले गेले ते ‘सिटाडेल’ : जहाजाच्या पोटात, इंजिनरूममध्ये किंवा स्टिअरिंग गिअरच्या खोलीत आतून कड्या घालून लपायचे. चाचा आत येऊ शकत नाही, नौदल येईपर्यंत माणूस जिवंत राहतो. ही जागा पाण्याच्या रेषेखाली असते. स्फोटके भरलेली विनाचालक बोट नेमकी तिथेच आदळते. १२ जून २०२४ रोजी तांबड्या समुद्रात ‘ट्युटर’ या जहाजाला अशीच बोट मागच्या बाजूने धडकली, इंजिनरूममध्ये पाणी भरले, एक खलाशी गेला आणि काही दिवसांत जहाज बुडाले. मग वर थांबावे? ६ मार्च २०२४ रोजी ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर क्षेपणास्त्र पडले, तीन जण मेले.

म्हणजे एकच जागा सगळ्या धोक्यांना चालत नाही. चाचे किंवा सशस्त्र लोक दोर टाकून चढू लागले तर खाली. स्फोटक बोट किंवा सुरुंगाची शंका असेल तर पाण्याच्या रेषेच्या वर. ड्रोन किंवा क्षेपणास्त्र असेल तर राहत्या इमारतीच्या मधल्या जिन्याजवळ, बाहेरच्या भिंतींपासून आणि काचांपासून दूर, जमिनीवर पडून. या तिन्हींसाठी अलार्म वेगळे हवेत आणि सराव वेगळे हवेत. बहुतेक जहाजांवर घंटा एकच असते. घंटा झाली की माणूस सवयीने धावतो ते गेल्या दहा सरावांत जिथे गेला तिथेच. शिवाय सगळा क्रू एकाच खोलीत कोंबू नये. दोन गट, दोन जिने, आणि आग विझवणे जाणणारे दोन्हीकडे वाटलेले. चीफ मेट आणि सेकंड इंजिनिअर एकाच गटात असले आणि नेमकी तीच खोली गेली, तर उरलेल्यांना पंप कोणता चालू करायचा हेही सांगणारा राहत नाही.

पंपावरून आठवले. क्षेत्रात असेपर्यंत आगीच्या मुख्य नळात पाण्याचा दाब ठेवून जायचे असते आणि इमर्जन्सी फायर पंप रोज चालवून पाहायचा असतो. तो इंजिनरूमच्या बाहेर, स्वतंत्र जागी मुद्दाम ठेवलेला असतो. गडबड होते ती झडपेची. मुख्य नळावर एक विलग करणारी झडप असते. इंजिनरूममधली पाइप फुटली तर ती बंद करावी लागते, नाहीतर इमर्जन्सी पंपाचे सगळे पाणी फुटक्या पाइपातून इंजिनरूममध्येच जाते आणि डेकवरच्या होजला धार येत नाही. ही झडप कुठे आहे हे कुकला आणि मेसमनलासुद्धा माहीत हवे. २६ जानेवारी २०२४ रोजी ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजाच्या मालाच्या टाकीला आग लागली, तेव्हा २२ भारतीय आणि एक बांगलादेशी अशा क्रूने नौदलांच्या मदतीने ती विझवली. आतमध्ये नाफ्था होता. अशी आग नशिबावर सोडून विझत नाही.

जीपीएसबद्दल वाचकांना एवढेच माहीत असते की तो बंद पाडता येतो. बंद पडणे परवडले, कारण पडद्यावर अलार्म होतो. फसवा सिग्नल वाईट. इलेक्ट्रॉनिक नकाशावर जहाज शांतपणे दोन मैल बाजूला सरकते, किंवा एकदम कुठल्यातरी विमानतळावर जाऊन उभे राहते. विमानतळावर दिसले तर निदान कळते. आणि जीपीएस नुसत्या नकाशाला जोडलेला नसतो. एआयएस (जहाजाचे नाव आणि जागा आपोआप इतरांना कळवणारी यंत्रणा), रडारवरची खरी चाल, संकटसंदेश पाठवणारी यंत्रणा, घड्याळे, सगळे त्याच्यावरच चालते. जायरो होकायंत्रसुद्धा वेग आणि अक्षांशाची दुरुस्ती बहुतेक ठिकाणी तिथूनच घेते. म्हणून क्षेत्राआधीच जायरोला अक्षांश हाताने भरावे, वेग पाण्यातल्या लॉगवरून, म्हणजे वेग मोजणाऱ्या उपकरणावरून, द्यावा, दर पाळीला चुंबकीय होकायंत्राशी ताडून पाहावे, आणि स्थान काढायचे ते रडारवर किनाऱ्याचे अंतर व दिशा मोजून, दर दहा-पंधरा मिनिटांनी, पेन्सिलीने. तरुण अधिकाऱ्यांना हे परीक्षेपुरते येते. अंधारात, शेजारून दिवे मालवलेली दुसरी जहाजे जात असताना, हात बसलेला हवा.

कारण त्याच वेळी आपला एआयएसही बंद असतो. कॅप्टनला सुरक्षेला धोका वाटला तर तो बंद करता येतो. फायदा असा की हल्लेखोराला पडद्यावर नाव दिसत नाही. तोटा असा की शेजारच्या जहाजालाही दिसत नाही. जून २०२५ मध्ये होर्मुझजवळ दोन तेलवाहू जहाजे रात्री एकमेकांवर आदळून पेटली, आणि त्या दिवसांत त्या भागात सिग्नल बिघडवण्याचे प्रकार जोरात होते.

जहाज सोडायची वेळ आली तर? बऱ्याच मालवाहू जहाजांवर आता मागच्या टोकाला उतरत्या रुळावर एकच फ्री-फॉल लाइफबोट असते. सगळ्या क्रूला पुरेल अशी, पट्टे बांधून बसायचे आणि सरळ पाण्यात झेप. जहाज वीस अंशांपर्यंत एका बाजूला कलले किंवा दहा अंशांपर्यंत पुढे-मागे झुकले तरी ती सुटावी अशी रचना असते. पण मार मागच्या बाजूलाच बसला तर ती गेली. मग दोन्ही बाजूंचे लाइफराफ्ट. बोटीत माणशी ३ लिटर पाणी असते, राफ्टमध्ये दीड. पहिले २४ तास जखमी सोडून कोणाला पाणी द्यायचे नाही, हा जुना नियम अजून तसाच आहे, कारण शरीरात तेव्हा साठा असतो आणि लगेच प्यायलेले पाणी लघवीवाटे जाते. समुद्राचे पाणी मिसळून पुरवठा वाढवू पाहणारा माणूस लवकर जातो.

कागदांचे मात्र जो तो विसरतो. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचे पुस्तक), प्रशिक्षणाची मूळ प्रमाणपत्रे कॅप्टनच्या तिजोरीत असतात. जहाजाबरोबर ती गेली की वाचलेला खलाशी नव्याने कागद गोळा करेपर्यंत पुढच्या जहाजावर चढू शकत नाही. क्षेत्राआधी ती परत मागून घ्यावीत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत, महिनाभराच्या औषधांसह आणि जादा चष्म्यासह लाइफजॅकेटजवळ ठेवावीत. सगळ्यांच्या प्रती घरच्या ईमेलवर आधीच पाठवलेल्या असाव्यात.

आता तो भाग, ज्याची बातमी होत नाही : अडकून पडणे. हल्ला झालेल्या जहाजांपेक्षा अडकलेल्या जहाजांवरचे खलाशी कितीतरी जास्त असतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनची बंदरे बंद झाली तेव्हा सुमारे २,००० खलाशी तिथे अडकले होते.

अडकलेल्या जहाजावर पहिली टंचाई गोड्या पाण्याची होते, आणि का, ते किनाऱ्यावरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. ‘जहाजावर पाणी बनवायचं यंत्र असतं ना?’ असते. पण ते चालते मुख्य इंजिनाच्या उष्णतेवर. इंजिनाला थंड करून आलेले ८० अंशांच्या आसपासचे पाणी या यंत्रातून फिरते, आत निर्वात केलेले असल्याने समुद्राचे पाणी कमी तापमानालाच उकळते आणि वाफ थंड करून गोडे पाणी मिळते. पूर्ण वेगात दिवसाला २० ते ३० टन. नांगरावर इंजिन बंद, म्हणजे शून्य. शिवाय किनाऱ्याजवळचे घाण पाणी त्यात घेऊही नये. मग टाकीत असेल तेवढेच. माणसागणिक रोज १५० ते २०० लिटर सहज जातात. २२ जणांचे साडेतीन-चार टन, त्यात बॉयलरचे दोन टन धरा. टाकीत अडीचशे टन असले तर चाळीस दिवसांत तळ दिसतो.

शहाणा चीफ इंजिनिअर हे पहिल्या दिवशी जाणतो आणि पहिल्याच दिवशी नळ बांधतो : सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. कपडे धुण्याची यंत्रे बंद. वातानुकूलन यंत्राच्या गारव्यातून ठिबकणारे पाणी ड्रममध्ये धरायचे. ते पिऊ नये, पण कपड्यांना आणि फरशीला उत्तम. ‘आठवड्यात सुटू’ म्हणून तीन आठवडे नळ मोकळे सोडणारे नंतर पाण्याच्या बार्जची वाट पाहत बसतात, आणि युद्धात बार्जवाला येत नाही.

दुसरी टंचाई डिझेलची. नुसते दिवे, शीतगृह आणि पंप चालवायला जनरेटर दिवसाला दोन-अडीच टन खातो. तो संपत आला की दिवसातले काही तासच तो चालवायचा. शीतगृहाची दारे त्या वेळेखेरीज उघडायची नाहीत. इमर्जन्सी जनरेटरच्या टाकीकडे कोणी बोट करू नये : तिच्यात १८ तासांचे तेल असते आणि ते आणीबाणीसाठी आहे.

तिसरा त्रास हळू येतो. कोमट पाण्यात दोन-तीन महिने उभ्या जहाजाच्या तळाला शेवाळ आणि कालवे धरतात, समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या जाळ्या तुंबतात, जनरेटर तापू लागतो. मुख्य इंजिन चालवायचे नसले तरी वंगणाचा पंप लावून ते रोज टर्निंग गिअरने फिरवावे लागते, लाइफबोटीचे इंजिन आठवड्याला निदान तीन मिनिटे. नाहीतर वाट मोकळी होते त्या दिवशी जहाजाला पळवत नाही. जिथून वेगाने निसटायचे, तिथूनच ते रखडत निघते.

याचा इतिहासातला धडा मोठा आहे. ५ जून १९६७ रोजी अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि सुएझ कालव्यात पंधरा जहाजे अडकली. त्यातली चौदा ग्रेट बिटर लेकमध्ये. ती आठ वर्षे तिथेच राहिली. वाळवंटाच्या वाळूने रंगली म्हणून त्यांना ‘पिवळा ताफा’ म्हणतात. वेगवेगळ्या देशांच्या, एकमेकांच्या विरोधी गटांतल्यासुद्धा, क्रूंनी मिळून एक संघटना काढली. एका जहाजावर प्रार्थना, एकावर सिनेमा, हाताने बनवलेली टपाल तिकिटे, स्पर्धा. या गमती सगळे सांगतात. कामाची गोष्ट वेगळी आहे : १९६९ मध्ये जहाजे गटागटाने एकमेकांना बांधली, म्हणजे कमी माणसांत सगळ्यांची देखभाल होईल आणि बाकीच्यांना घरी जाता येईल. बदलीचा प्रश्न त्यांनी दोरखंडाने सोडवला. तरीही १९७५ मध्ये स्वतःच्या इंजिनावर मायदेशी पोचली ती फक्त दोन, ‘मुन्स्टरलांड’ आणि ‘नॉर्डविंड’. आज जहाजे अडकतात तेव्हा प्रत्येक मालक आपापला क्रू आपापल्या जहाजावर धरून ठेवतो.

चौथी गोष्ट पकडले जाण्याची. चाच्यांनी किंवा सशस्त्र लुटारूंनी धरले तर करार संपला तरी पगार चालू ठेवायचा, अशी दुरुस्ती २६ डिसेंबर २०२० पासून लागू आहे. पण तिचे शब्द चाचेगिरी आणि सशस्त्र दरोडा एवढेच आहेत. एखाद्या सरकारने जहाज जप्त केले किंवा युद्धातल्या एखाद्या गटाने राजकीय कारणाने धरून ठेवले, तर वकील वाद घालत बसतात. ‘गॅलेक्सी लीडर’ १९ नोव्हेंबर २०२३ रोजी पकडले गेले आणि त्यावरचे २५ जण जानेवारी २०२५ मध्ये सुटले. चौदा महिने. म्हणून करारात ‘कोणत्याही सरकारने किंवा गटाने अटकावून ठेवल्यासही सुटकेपर्यंत पगार’ अशी ओळ घालून घेणे हे सही करण्याआधीचे काम आहे. नंतर ती कोणी घालत नाही.

सहीआधी पाहायच्या गोष्टी तशा फार नाहीत. जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक मागावा. नाव आणि झेंडा बदलला तरी तो बदलत नाही. ‘इक्वेसिस’ या विनामूल्य संकेतस्थळावर तो घातला की मालक, झेंडा, तपासण्यांत सापडलेले दोष दिसतात. वर्षात तीनदा नाव आणि झेंडा बदललेले, विमाच न दिसणारे जहाज असेल तर पगार कितीही सांगोत, त्यामागे कोणी उभे राहणार नाही. मालकाने टाकून दिले तर घरवापसी आणि चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार विम्यातून मिळतो, आणि त्या विम्याचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असे लावणे सक्तीचे आहे. चढल्या दिवशी त्याचा फोटो काढून घरी पाठवावा. आयटीएफ या आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीत २०२४ या एका वर्षात ३१२ जहाजांवरचे ३,१३३ खलाशी असे टाकून दिलेले होते. आणखी एक विचारावे : क्रूच्या मृत्यू-जखमेचा युद्धजोखमीचा विमा वेगळा काढला आहे का? जहाजांच्या नेहमीच्या पी अँड आय, म्हणजे मालकाच्या जबाबदारीच्या, विम्यातून युद्ध वगळलेले असते.

राहिला फोन. क्षेत्रात असताना वायफाय बंद करतात, आणि घरी दोन-तीन दिवस शांतता पसरली की तिकडे कोणीतरी टीव्ही लावतो. याला उपाय साधा आहे. आधीच सांगून ठेवावे की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझा फोन लागणार नाही. जागा, बंदर, वेग काही सांगू नये, फक्त तारखा, आणि त्याही एक दिवस वाढवून. कंपनीकडे भरलेल्या जवळच्या नातेवाइकाच्या फॉर्मवर दोन चालू नंबर असावेत. कित्येकांच्या फॉर्मवर पहिल्या करारावेळचा, कधीच बंद झालेला नंबर असतो.

आणि संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणे आहे. हल्ल्याच्या बातमीत जहाज अजून त्या पाण्यात असेल तर त्याची नेमकी जागा व दिशा दाखवणारा नकाशा छापू नये, आणि घरी फोन गेल्याची खात्री होईपर्यंत क्रूची नावे देऊ नयेत. त्याऐवजी जहाजाचा झेंडा, खरा मालक, आयबीएफ करार होता की नाही आणि बदलीची मुदत उलटलेले किती जण त्यावर होते, एवढे चार तपशील विचारून छापावेत. कंपनीच्या प्रवक्त्याला ते विचारले तर उत्तर द्यावे लागते. खलाशाने विचारले तर पुढच्या करारावर घेत नाहीत.

आपले,
व्यापारी जहाजांवर काम केलेले काही निवृत्त खलाशी व अधिकारी